सावधान, पुढे ब्लॅक आहे!

न्यूयॉर्कजवळ एक गोल्फ कोर्स आहे. तिथे पहिला फटका मारण्याआधीच पाटी सांगते, 'हे तुमचं काम नाही.' तरीही लोक पार्किंगमध्ये गाडीत झोपून नंबर लावतात. एका पुणेकर हौशी गोल्फरची ही गोष्ट. आणि हो, खऱ्या स्कोअरसकट!

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. आशिया कपची फायनल, समोर पाकिस्तान. बाणेरच्या माझ्या फ्लॅटवर ऑफिसची दहा-बारा टाळकी जमलेली. तिलक वर्माने मॅच काढून दिली, खाली फटाके फुटले, पिझ्झाचे शेवटचे तुकडे संपले आणि बक्षीस समारंभ काही केल्या सुरू होईना. (त्या ट्रॉफीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीत आहेच!) वेळ काढायचा म्हणून मी लॅपटॉपवर रायडर कप लावला. अमेरिका विरुद्ध युरोप, गोल्फमधली सगळ्यात खुन्नसवाली लढत.

पडद्यावर एक लांबलचक हिरवा पट्टा दिसला. त्याच्या टोकाला टेकाड, टेकाडाच्या कडेला बंकर आणि अगदी वर छोटंसं ग्रीन.

"हे पंधरावं होल," मी म्हणालो. "इथे मी खेळलोय."

हॉलमध्ये शांतता. टीममध्ये नव्यानेच आलेली मुलगी म्हणाली, "इथे म्हणजे, इथेच? हे लोक खेळतायत त्याच ग्राउंडवर? मग तुमचा स्कोअर किती झाला सर?"

हा प्रश्न मला सात वर्षं विचारला जातोय. आणि सात वर्षं मी 'शंभरच्या थोडा वर' असं काहीतरी गुळमुळीत सांगत आलोय. त्या रात्री का कोण जाणे, खरं सांगून टाकलं.

"एकशे पंचवीस."

ज्यांना गोल्फ कळत नाही ते म्हणाले, "वॉव!" ज्या एकाला कळतं, तो सोफ्यावरून पडायचाच बाकी होता.

वानखेडेचं पिच, सगळ्यांसाठी खुलं

ज्यांनी 'वॉव' म्हटलं त्यांच्यासाठी आधी थोडा फंडा. गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला स्कोअर. अठरा होल्स असतात. प्रत्येक होल किती फटक्यांत संपावं याचा आकडा ठरलेला असतो, त्याला म्हणतात पार. अठरा होल्सचा पार साधारण सत्तर-बहात्तर. पारपेक्षा एक फटका जास्त गेला तर बोगी, दोन गेले तर डबल बोगी. माझ्यासारखा वीकेंडला खेळणारा माणूस बरा दिवस असेल तर पंचाण्णवच्या आसपास संपवतो. तेव्हा १२५ म्हणजे काय झालं असेल, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

हे जिथे झालं, त्या कोर्सचं नाव बेथपेज ब्लॅक. मॅनहॅटनपासून पन्नासेक किलोमीटरवर, लाँग आयलंडवरच्या फार्मिंगडेल गावात बेथपेज स्टेट पार्क आहे. त्यात रंगांच्या नावाचे पाच कोर्स आहेत. ग्रीन, ब्लू, रेड, यलो आणि ब्लॅक. सगळे न्यूयॉर्क राज्य सरकारच्या मालकीचे. ना मेंबरशिप, ना वेटिंग लिस्ट, ना 'आपले आजोबा कोण?' अशी चौकशी. नंबर लावा, पैसे भरा, खेळा. न्यूयॉर्कच्या रहिवाशांना तर बाहेरच्यांपेक्षा बऱ्याच कमी पैशांत खेळता येतं.

ब्लॅक सुरू झाला १९३६ मध्ये. महामंदीचा काळ होता. बेकारांच्या हाताला काम द्यायचं म्हणून जी सरकारी कामं निघाली, त्यातच या पार्कचं बांधकाम झालं. डिझाइनला नाव ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांचं. विंग्ड फूट आणि बाल्टसरोलसारखे बडे खासगी क्लब ज्यांनी घडवले तेच हे गृहस्थ. (पार्कचे तेव्हाचे अधीक्षक जोसेफ बरबेक यांचा त्यात नेमका वाटा किती, यावर गोल्फवेडे आजही तावातावाने भांडतात.)

अनेक वर्षं हा कोर्स तसा दुर्लक्षितच होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रीस जोन्स यांनी त्याची डागडुजी केली आणि २००२ मध्ये इथे यू. एस. ओपन झाली. सरकारी मालकीच्या कोर्सवर झालेली ही पहिली यू. एस. ओपन. जिंकला टायगर वुड्स, तीन अंडर पार. आता गंमत बघा. चार दिवसांच्या खेळात पारपेक्षा कमी स्कोअर करणारा तो एकटाच! बाकी जगातले सगळे दिग्गज पारवर किंवा पारच्या वर. २००९ मध्ये यू. एस. ओपन पुन्हा इथे आली, पावसाने धुतली आणि सोमवारी संपली. तेव्हा जिंकला लुकस ग्लोव्हर. २०१९ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप झाली, ती ब्रूक्स केप्काने मारली. आणि २०२५ मध्ये रायडर कप. युरोपने तो १५-१३ असा नेला आणि प्रेक्षकांच्या शिवराळपणामुळेही तो चांगलाच गाजला.

थोडक्यात काय, तर वानखेडेचं पिच आहे आणि ते कुणालाही बुक करता येतं. फक्त समोरून बोलिंग टाकतोय खुद्द कोर्स!

पुऱ्या, चिवडा आणि पार्किंग लॉट

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी कंपनीच्या प्रोजेक्टवर न्यू जर्सीत होतो. गोल्फ पुण्यातच सुरू केलं होतं, तेही क्लायंटसमोर इम्प्रेशन मारायला. पण आपल्याकडे हा खेळ म्हणजे क्लब, ओळखी आणि खिसा. तिकडे गेल्यावर कळलं, की नगरपालिकेचेसुद्धा कोर्स असतात आणि तिथे प्लंबरपासून प्रोफेसरपर्यंत सगळे खेळतात. मी सुटलोच. दर शनिवारी ठरलेलं. हँडिकॅप बावीसवर आला, म्हणजे पारपेक्षा बावीसेक फटके जास्त. तेवढ्यात मी स्वतःला टायगर समजायला लागलो होतो.

प्रोजेक्टवर आमचे सीनियर होते, मूळचे नागपूरचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते एक दिवस म्हणाले, "काहून बे, ब्लॅक खेळायची हिंमत आहे का?" झालं. गुरुवारी रात्री निघायचं ठरलं. शुक्रवारी ऑफिसला 'तब्येत बरी नाही' असा मेल. (तेव्हाचे बॉस हे वाचत नसावेत, अशी आशा आहे.)

निघायचं रात्री का? कारण इथल्या पार्किंगमध्ये नंबर घातलेल्या जागा आहेत. ज्यांचं आधीचं बुकिंग नाही, त्यांनी त्या नंबरात गाडी लावायची आणि गाडीतच रात्र काढायची. पहाटे कर्मचारी गाड्यांपाशी येऊन नंबर वाटणार. आम्ही पोचलो तर तिथे जत्राच भरलेली. कुणी फोल्डिंग खुर्च्या टाकून बसलंय, कुणी अंधारात पटिंगची प्रॅक्टिस करतंय, कुणी स्लीपिंग बॅगमध्ये घोरतंय. वहिनींनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा दिला होता. शेजारच्या गाडीतल्या काकांना पुरी दिली, त्यांनी थर्मासमधली कॉफी दिली.

हे काका न्यूयॉर्कमध्ये सिटी बस चालवून रिटायर झालेले. त्यांच्याबरोबर कॉलेजात जाणारा पुतण्या. लहानपणापासून ब्लॅक खेळतायत, किती वेळा खेळले ते मोजणंही सोडून दिलंय म्हणे. सकाळी आमची चौकडी लागली ती नेमकी त्यांच्याशीच. आणि स्कोअरकार्ड काकांच्या खिशात गेलं.

ती पाटी

पहिल्या टीच्या मागे ती जगप्रसिद्ध पाटी आहे. मजकूर साधा. ब्लॅक हा अत्यंत अवघड कोर्स आहे आणि फक्त अतिशय कुशल खेळाडूंनीच तो खेळावा, अशी आमची शिफारस आहे. पाटीसोबत फोटो काढला नाही असा माणूस नसेल. आम्हीही काढला. हसत काढला. तो फोटो आज बघितला की त्या दोघांची कीव येते.

कोर्सच्या अवघडपणालाही गोल्फमध्ये मार्क असतात. त्याला स्लोप रेटिंग म्हणतात. पट्टी ५५ ते १५५ ची, ११३ म्हणजे सर्वसाधारण. पट्टीच्या खेळाडूच्या तुलनेत तुमच्या-माझ्यासारख्याची त्या कोर्सवर किती जास्त वाट लागेल, त्याचा हा आकडा. ब्लॅकच्या मागच्या टीवरून तो दीडशेच्या घरात जातो. तिथून लांबी साडेसात हजार यार्डांच्या जवळपास. आम्ही शहाणपणा करून मधल्या टी घेतल्या. फरक एवढाच, की दहाव्या मजल्याऐवजी आठव्या मजल्यावरून पडलो.

आणि इथे गोल्फ कार्ट नाही. चालायचं. चढ-उतार धरून दहाएक किलोमीटर, खांद्यावर बॅग. आपल्याकडे क्लबात कॅडी बॅग उचलतो, बॉल शोधतो, वर 'साब, सात नंबर मारो' असा सल्लाही देतो. इथे मी, माझी बॅग आणि माझं नशीब.

पहिली टी उंचावर आहे आणि क्लबहाउसजवळ असल्याने बघे भरपूर. पाय लटपटत होते. ड्रायव्हर फिरवला. बॉलच्या डोक्यावर टप्पकन बसला आणि बॉल उतारावरून घरंगळत गेला. कुणीतरी मागून टाळी वाजवली. ते जास्त लागलं. सात फटके. पार होता चार.

पाचव्या होलवरचा झोल

पहिलं होल संपलं की रस्ता ओलांडायचा. पलीकडे दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतची होल्स. आणि इथे कळतं, की ब्लॅकची खुबी नेमकी कशात आहे.

मला वाटायचं, अवघड कोर्स म्हणजे जागोजागी पाणी. ब्लॅकवर पाणी आडवं येतं ते एकाच होलवर, आठव्या. ग्रीनसुद्धा फार वेडीवाकडी नाहीत, बरीचशी सपाटच आहेत. तिथे पोचलात तर पट जातात. पण पोचायचं कसं? फेअरवेच्या बाहेर रफ, म्हणजे मुद्दाम वाढवलेलं गवत. बॉल दोन पावलांवर असतो आणि दिसत नाही. दिसला तर क्लब गवतात अडकतो. आणि बंकर! आपल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलपेक्षा मोठे, खोल, वर गवताच्या मिशा. चौथ्या होलला तर ते अख्ख्या वाटेत आडवे पसरलेत. बहुतेक ग्रीन उंचावर, पुढे बंकर. घरंगळत वर जाईल असा चान्सच नाही. बॉल उंच मारायचा, नेमका मारायचा, तोही दमलेला असताना. टिलिंगहास्टसाहेबांचा हिशेब सरळ आहे, एका चुकीला माफी नाही आणि दुसऱ्या चुकीला तर नाहीच.

पाचव्याला ते सगळं एकदम वाट्याला आलं. उजवीकडे तिरका पसरलेला अजस्र बंकर. माझा बॉल बरोब्बर त्यात. दुसरा फटका बंकरमध्येच राहिला. तिसऱ्याला बाहेर आलो ते थेट रफमध्ये. चौथ्याला बॉल वीतभर हलला. पाचव्याला थोडा पुढे. सहावा ग्रीनखालच्या बंकरमध्ये. सातवा वाळू उडवण्यात. आठवा ग्रीनच्या पलीकडे. नववा परत ग्रीनवर. दहाव्याला एकदाचा आत गेला.

काकांनी पेन्सिल काढून विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "आठ."

दोन फटके खाल्ले. का? बक्षीस नव्हतं, पैज नव्हती, ओळखीचं एकच माणूस होतं आणि ते स्वतःच झाडीत बॉल शोधत होतं. तरी तोंडातून आठ निघालं. अप्रेझलचा फॉर्म भरताना आपण स्वतःला एक मार्क वाढवून देतो ना, अगदी तस्संच. सवयीने.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि चालू लागले.

"अकरा," काका म्हणाले

दहावं होल आलं. इथे टीच्या पुढे उंच गवताचा मोठा पट्टा ओलांडल्यावर फेअरवे सुरू होतो. २००२ च्या ओपनमध्ये पावसाच्या दिवशी काही प्रोंचे कडक ड्राइव्हसुद्धा इथे फेअरवेपर्यंत पोचले नव्हते. आमची टी पुढे होती, तरी माझा बॉल गवतात गेला तो गेलाच. आठ फटके.

तेराव्या होलवर, जे सहाशे यार्डांच्या आसपास जातं, काकांचाच दिवस फिरला. एक बॉल झाडीत हरवला, दुसरा बंकरमध्ये अडकला. होल संपल्यावर पुतण्याने किती म्हणून विचारलं. काका आपला टोपीचा घाम पुसत शांतपणे म्हणाले, "अकरा." जसं कुणी पत्ता विचारावा आणि आपण गल्ली नंबर सांगावा. ना चेहरा पडला, ना एक्स्क्यूज. पुतण्याला म्हणाले, "लिही आणि चल, मागचे थांबलेत."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. आयुष्य या कोर्सवर काढलेला माणूस अकरा सांगतो आणि मी पाहुणा दोन फटके चोरतो!

गोल्फमध्ये प्रत्येकाच्या मागे अंपायर नसतो. आपली चूक आपणच सांगायची, हा या खेळाचा पाया. १९२५ च्या यू. एस. ओपनमध्ये बॉबी जोन्स हा हौशी खेळाडू रफमध्ये उभा असताना त्याचा बॉल किंचित हलला. कुणीही पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःच एक फटक्याचा दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. हा किस्सा मी ऑफिसच्या एका प्रेझेंटेशनमध्ये 'इंटिग्रिटी'च्या स्लाइडवर वापरलाही होता. बोला आता!

चौदावं होल ब्लॅकवरचं सगळ्यात छोटं. आणि तिथे चमत्कार झाला. आठ नंबरचा आयर्न, बॉल उंच गेला आणि ग्रीनवर टपकून थांबला. दोन पट, पार! टायगर वुड्सलाही इथे तीनच लागले असते की. दादा नागपुरी थाटात ओरडले. मी हवेत.

पण आनंदात खडा होताच. पुन्हा रस्ता ओलांडून पंधराव्याकडे येताना मी काकांना गाठलं. म्हटलं, "काका," (खरं तर 'सर') "पाचव्याला मी आठ सांगितले. ते दहा होते."

काकांनी खिशातून कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पाचव्या होलच्या चौकटीत, माझ्या नावासमोर, १० लिहिलेलं होतं. आधीपासूनच.

"मीही मोजत होतो," ते म्हणाले. "तीस वर्षं बस चालवली. तिकीट न काढता चढलेला माणूस मला पाठ करूनही ओळखता येतो." आणि हसले. मीही हसलो. अगदी मोकळं वाटलं.

टेकाडावरून

पंधरावं होल म्हणजे ते लॅपटॉपवरचं टेकाड. ब्लॅकवरचं सगळ्यात अवघड होल म्हणून त्याची ख्याती. नऊ फटके लागले आणि मी एकेक मोठ्याने मोजला. दादांना वाटलं माझ्या डोक्याला ऊन लागलं. सोळाव्याला सात, सतराव्याला पाच, अठराव्याला सहा. साडेपाच तासांनी पाय सुजलेले, हाताला फोड आणि कार्डावर १२५. काकांनी खाली सही केली आणि कार्ड मला दिलं. म्हणाले, "परत ये. पुढच्या वेळी १२४ कर."

मग पुण्यात परत आल्यावर मी 'शंभरच्या थोडा वर' का सांगत राहिलो? तीच जुनी सवय, दुसरं काय! काकांसमोर खरं बोलणं सोपं होतं, कारण तिथे कोर्सच साक्षीला होता. कॉन्फरन्स रूममध्ये साक्षीदार नसतो.

तुमच्या-माझ्या आयुष्यात आकडे खूप आहेत. रेटिंग, सीटीसी, टार्गेट, एक्सपीरियन्सची वर्षं. त्यातले किती आकडे आपण थोडेसे ओढून-ताणून घेतलेले असतात, ते आपलं आपल्याला माहीत असतं. ब्लॅक असलं काही चालू देत नाही. तो तुम्हाला हरवतो हे तर झालंच. प्रोंनाही हरवतो. पण हरवताना किती फटक्यांनी, ते चोख सांगतो. दमछाक करून, गवतात रांगायला लावून तो तुमच्या हातात एक आकडा ठेवतो, आणि तो आकडा शंभर टक्के तुमचा असतो. हौशी माणसाने असल्या राक्षसाच्या वाटेला जावं ते बहुधा यासाठीच.

त्या रात्री रायडर कप संपेपर्यंत दोन वाजून गेले. सगळे पांगले. ती नवी मुलगी जाताना म्हणाली, "सर, मला शिकवाल?"

म्हटलं, "शिकवतो. पण पहिली अट, मोजायचं तू."

---

तुम्हालाही खेळायचंय?

• पुढची टी घ्या. मागच्या टीवरून खेळण्यात शौर्य नाही, फक्त उशीर आहे.

• रफमधून फक्त बाहेर या. हीरोगिरी नको. वेज काढा आणि बॉल जवळच्या फेअरवेवर आणा. दीडशे यार्डांचं स्वप्न तिथे तीन फटक्यांना पडतं.

• खोल बंकरमध्ये समोर भिंत असेल तर आडवं किंवा मागे मारा. अपमान एकाच फटक्याचा होतो.

• चालण्याची सवय करा. महिनाभर आधीपासून बॅग खांद्यावर घेऊन चाला. बूट नवे कोरे नकोत. पाणी आणि खाऊ जवळ ठेवा.

• बॉल डझनाने न्या. मी सात हरवले. हाही आकडा खरा आहे.

• सुरुवात इथेच करा. एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर जा. मुंबईकरांसाठी सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, तिथे क्लबाची मेंबरशिप नसली तरी खेळता येतं. ब्लॅक कुठे पळून जात नाही. १९३६ पासून तिथेच आहे, पाटी लावून.